बोटीवरचा सोमवार

"बोट लागली ह्यांका," देवकीने सांगितलं आणि नवऱ्याच्या बशीतला अर्धा मासा झटकन आपल्या बशीत ओढला.

समोर बायकोशेजारी बसलेल्या पांडुरंगबाबांनी काचेतून बाहेर पाहिलं. बोट अजून मुरगावच्या धक्क्यालाच बांधलेली होती.

"सुटूच्या आधीच लागली?"

"ह्यांका लवकर लागता," देवकी म्हणाली.

सगुणने दुखरं तोंड करून मान हलवली. दुसरं करणार काय बिचारा? खरं सांगायची सोय नव्हती.

सुर्लाचा सगुण म्हणजे एके काळचा खाणीवरच्या ट्रकांचा मालक, आणि त्याहून मोठा खवय्या. लग्नाच्या पंगतीत तो येऊन बसला की यजमान स्वतः आचाऱ्याकडे जाऊन 'भात आणखी टाका' म्हणून सांगून येत. पुढे गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली, वाकून चप्पल घालता येईना. तेव्हा लेकीने, सिद्धीने, बापाला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोट लहान केलं. आधी तिथं पातेलं होतं, आता वाटी उरली. वजन उतरलं, गुडघे गप्प झाले, पण नियम मागे लागले. आधी अंडं, मासळी, डाळ, मग भाजी, जागा उरली तर भात. घास वाटाण्याएवढा आणि चावून चावून त्याचं पाणी करायचं. जेवताना पाण्याला शिवायचं नाही. आणि गोड तर बघायचंसुद्धा नाही. एकदा त्याने चोरून जिलबी खाल्ली, तर घाम, थरथर आणि छातीत अशी धडधड की देवकीने शेजाऱ्यांची गाडी बोलावली होती.

गावात मात्र देवकीने सांगून टाकलं, "सकाळचे चलतत ते." झालं! अर्धं सुर्ला सगुणच्या मागून सकाळी चालू लागलं. लोकांच्या चपला झिजल्या, पोटं होती तिथंच राहिली.

आता ह्या बोटीवर खोटं बोलायचं कारण त्याहून मोठं होतं. सिद्धीचं आणि पेडण्याच्या प्रज्योतचं जुळलं होतं. 'आईबाबांची ओळख वाढू दे' म्हणून दोघा पोरांनीच ही चार दिवसांची सफर काढून दिली होती. प्रज्योतचे वडील पांडुरंगबाब, काजूचे व्यापारी, भोळा आणि पोट सुटलेला माणूस. त्यांची भीती नव्हती. भीती सरस्वतीबायची, प्रज्योतच्या आईची. ही बाई देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नसे. देवीच्या मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. घरातला फ्रीजसुद्धा कौल घेऊन आणलेला. लग्नाचा कौल तेवढा राहिला होता, तो परत गेल्यावर घ्यायचा होता.

"ऑपरेशनाचां काडू नकात हां," देवकीने खोलीतून निघतानाच बजावलं होतं. "म्हणतली, बापाशीक मोठो रोग होतो, लपवन ठेवल्यानी. पाकळी पडूच्या आधीच लग्न मोडतलां."

सिद्धीचं लग्न आपल्या पोटापायी मोडणार, ह्या विचाराने सगुणला त्या वाटीतही काही जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या दालनात तोच प्रसंग. काय नव्हतं तिथं! सुंगटं म्हणजे कोळंबी, इसवण म्हणजे सुरमई, भाज्यांचं खतखतं, बिर्याणी, पाव, दहा तऱ्हेची गोडं, आणि हवं तेवढं घ्या म्हणे. सगुणने बशीत एक उकडलेलं अंडं आणि इसवणाचा छोटा तुकडा घेतला, आणि त्यातला वाटाण्याएवढा घास तोंडात टाकून तो रवंथ करू लागला.

पांडुरंगबाब डोंगर रचलेली बशी घेऊन आले. "सगुणबाब, ह्यां काय? मांजराक घातलास की तुमका?"

"उपास!" देवकीच्या तोंडून निघून गेलं. "आज सोमवार न्हय? ह्यांचो कडक उपास असता."

सरस्वतीबायने अंड्याकडे पाहिलं. मग इसवणाकडे पाहिलं.

"तां माझां," देवकीने बशी ओढली. "हात भरलेले म्हणान त्येंका धरूक दिललां."

तोंडातला घास सगुणने न चावता गिळला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्याने चावण्याचा नियम मोडला तो असा. देवकी मुकाट्याने अंडं खाऊ लागली. तिला अंडं आवडत नसे.

पांडुरंगबाबांना मात्र गहिवरून आलं. "आयकलां मगे? समोर एवढां खाऊक आसा, आणि ह्यो माणूस सोमवार पाळता! माका तर नाकात वास गेलो की देव आठवणा नाय." एवढ्यावर गप्प बसतील तर ते पांडुरंगबाब कसले! त्यांनी वाढणाऱ्या पोराला बोलावून सांगितलं, आमच्या व्याह्यांना उपास आहे, जरा बघा. पोराने जाऊन मुदपाकखान्यात सांगितलं. आणि आतून पंच्याला हात पुसत बाबली बाहेर आला.

बाबली कुडाळचा, बोटीवरचा मुख्य आचारी. त्याने सगुणला वाकून नमस्कारच केला. "इतकी वर्सां बोटीर आसंय, सोमवार पाळणारो माणूस आज गावलो. आता तुमी चिंता करू नकात."

चिंता तिथंच सुरू झाली. साबुदाण्याची खिचडी आली, रताळी आली, केळ्याची शिकरण आली. अंडं आणि मासळी, सगुणला चालणारं तेवढं सगळं, शेजारच्या टेबलावर मजेत बसलेलं होतं आणि चालत नाही ते सगळं भक्तिभावाने त्याच्यासमोर येत होतं. त्याने खिचडीचे दोन दाणे चावले आणि 'देवाक इतकोच पुरे' म्हणून हात जोडले. पांडुरंगबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगे, माका चक्कर येता," खोलीत गेल्यावर सगुण म्हणाला. "सांगान टाकूया गे."

"आणि सिद्धीचां काय?"

देवकीने पिशवीतून भाजलेल्या डाळ्या काढून दिल्या, त्या त्याने पलंगावर बसून चोरासारख्या खाल्ल्या.

संध्याकाळी वरच्या डेकवर जाऊन बघतात तर माणसंच माणसं. बाबलीने देवाचा फोटो आणून मांडला होता, समई नव्हती म्हणून पेटत्या दिव्यासारखा विजेचा दिवा लावला होता आणि पुढे परातभर शिरा. गोव्यातले, सिंधुदुर्गातले जेवढे म्हणून बोटीवर होते तेवढे जमले होते.

"गाऱ्हाणां तुमीच घालूचां," बाबली सगुणला म्हणाला. "उपाशी माणसाचां देव आयकता."

सगुण हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाणं काय, गावच्या जत्रेत ऐकून पाठ होतं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या दर्यात ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"त्येंका सुखरूप घरा पाठय! आणि कोणाचां काय लपललां-झाकललां असात, तर तां सांबाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग प्रसाद. देवकीने नवऱ्याचा वाटा पदरात घ्यायला हात पुढे केला, पण पांडुरंगबाब मध्ये घुसले. त्यांच्या मुठीत तुपाने निथळणारा शिऱ्याचा गोळा होता.

"आज व्याह्यांचो उपास मी सोडतलंय! आ करा, सगुणबाब!"

"नको, माका..."

'नको' म्हणायला तोंड उघडावं लागतं. तेवढ्यात गोळा आत गेला. आता प्रसाद थुंकायचा कसा? तोही शंभर माणसांच्या देखत, देवाच्या फोटोपुढे! सगुणने देवकीकडे पाहिलं, देवकीने आभाळाकडे पाहिलं, आणि शिरा खाली उतरला.

थोडा वेळ काही नाही. सगुणला वाटलं, देव पावला. मग कपाळावर घाम फुटला. हात थरथरू लागले. छाती धडधडली, डोळे फिरले आणि अंग असं हलू लागलं की त्याने दोन्ही हातांनी डेकचा कठडा धरला.

"अवसर इलो!" पांडुरंगबाब ओरडले. "सगुणबाबांच्या अंगात देव इलो!"

झालं! बाबलीने डोक्यावरची पांढरी टोपी काढून हात जोडले. माणसं दोन पावलं मागे सरली. कोणी तरी अगरबत्ती शोधायला धावलं. देवकी नवऱ्याकडे झेपावली, पण सरस्वतीबायने तिचा दंड धरला आणि स्वतः पुढे झाली. पदर डोक्यावरून घेतला.

"देवा म्हाराजा," ती म्हणाली, "आमच्या घराक काय सांगणां आसा?"

सगुणला कसला देव नि कसलं सांगणं! आपण मरतो आहोत एवढंच त्याला कळत होतं. मरताना तरी खोटं नको, असं त्याच्या मनात आलं असावं.

"ऑपरेशन!" तो कसाबसा बोलला.

देवकीने डोळे मिटून घेतले. गेलं लग्न.

"कसलां ऑपरेशन, देवा?"

"पोटाचां... पोट बारीक... डॉक्टर..."

सरस्वतीबायने नवऱ्याकडे पाहिलं. पांडुरंगबाब दुसऱ्या वाट्याच्या शिऱ्यात बोटं घालून उभे होते.

"आमच्या घोवाचां पोट म्हणतस, म्हाराजा?"

सगुण कठड्यावर ओणवा झाला. पण 'म्हाराजा' ऐकलं की मालवणी माणसाचं तोंड आपोआप उघडतं. सगळा डेक एका सुरात गरजला, "व्हय म्हाराजा!"

पांडुरंगबाबांच्या हातातला द्रोण खाली पडला. "देवा, दुसरो काय उपाय?"

"देवाक उलट विचारूचां नसता," सरस्वतीबाय म्हणाली. "देव गेलो आता. माणसाक आडवो करा, आणि वारो सोडा."

सकाळी सगुण उठला तो ठणठणीत, पण मन लागेना. आपल्या शिऱ्यापायी एका भल्या माणसाचं पोट कापायला निघालं होतं. रात्रीपासून पांडुरंगबाबांनी पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं म्हणे.

"मी सांगतलंय," तो देवकीला म्हणाला. "लग्न मोडलां तर मोडलां. आपल्या खोट्याक लागान दुसऱ्याच्या पोटार सुरी नको."

देवकी रडवेली झाली, पण ह्या वेळी नको म्हणाली नाही. दोघं डेकवर गेली. सरस्वतीबाय एकटीच समुद्राकडे बघत चहा पीत होती.

"बाय, काल माझ्या अंगात देव येवक नाय," सगुणने एका दमात सांगून टाकलं. "ऑपरेशन माझां झालां. गोड खाल्लां की माका तसां होता. ही गोष्ट आमी लपवली, चूक आमची. तुमी लग्नाचां काय तां ठरवा, पण पांडुरंगबाबांक सोडा."

सरस्वतीबायने चहाचा घोट घेतला. "माका पयल्या रातीच कळलां."

"काय?" देवकी ओरडलीच.

"माझ्या वाळपयच्या भावान असलांच ऑपरेशन करून घेतल्यान. तो असोच जेवता. आधी मासळी, वाटाण्याएवढो घास, पाण्याक हात नाय. आणि धक्क्याक बांधलली बोट कोणाक लागता गे, देवकी?"

देवकी पार लाजली.

"शिरो तोंडात जाताना थांबवूक होयो होतो, तेवढी माझी चूक. पण ह्यो माझो घोव! साखर वाडली, चलताना धाप लागता, रातीचो झोपेत श्वास अडाकता. डॉक्टरान सांगल्यान, पोरान सांगल्यान, मी पाय धरलंय. आयकणा नाय. माणसाचां आयकणा नाय तो." "काल पयल्यांदा घाबरलो. आता तुमी खरां सांगलास, तर दुपारी परत बशी भरान बसतलो."

"मगे आमी काय करूचां?" सगुणने विचारलं.

"गप रवूचां. ह्येंका डॉक्टराकडे नेयपर्यंत तुमी देवच रवा. तपासान डॉक्टर काय तां ठरवीत."

सगुण खरं बोलून मोकळा व्हायला आला होता, तो पदरात देवपण घेऊन परतला.

दुपारी चौघं पुन्हा जेवायला बसली. सगुणने राजरोस दोन अंडी घेतली, इसवणाचा चांगला तुकडा घेतला, वाटीत डाळ घेतली. आज मंगळवार होता. पहिला घास तोंडात गेला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला जेवणाची चव कळली. समोर पांडुरंगबाब एक अंडं घेऊन बसले होते आणि सगुण जसं चावेल तसं चावत होते. त्यांनी सवयीने पाण्याचा पेला उचलला, सगुणकडे पाहिलं आणि परत ठेवला.

"सगुणबाब," ते हळू आवाजात म्हणाले, "लग्नाचो कौल घेवचो रवलो. देव तुमका पावललो आसा. तुमीच सांगा, करूया?"

सगुणच्या तोंडात घास होता. नियम म्हणजे नियम. तो चावत राहिला. शेवटी घास उतरला.

"लग्न करा," सगुण म्हणाला. "पण पंगतीत व्याह्यांच्या तोंडात कोणी घास घालूचो नाय."

"व्हय म्हाराजा!" सरस्वतीबाय म्हणाली, आणि नवऱ्याचा हात जिथवर पोचत होता तिथली जिलबीची बशी तिने उचलून आपल्यासमोर ठेवली.