लाल बाण आणि लाकडी बोट

२००९ साल. मी त्रेसष्ट वर्षांची होते, गुडघे धड होते आणि पंखा या विषयात मला शिकवू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं माझं प्रामाणिक मत होतं. त्याला कारणही होतं. टेबलफॅनच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बावीस जाळी-तपासणीत. पंख्याच्या जाळीतून एक लाकडी बोट आत घालून बघायचं, एवढंच माझं काम. ते पात्याला लागलं की जाळी नापास. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी जातात, मी ते बोट मागून घेतलं. ते कायम माझ्या पर्समध्ये असायचं. एकदा बँकेत पेन शोधताना ते काउंटरवर पडलं, तेव्हा कॅशियर खुर्चीसकट दोन हात मागे सरकला होता.

माझी नात तेव्हा नववीत होती. एका जागी टिकत नसे म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिने आणि तिच्या चष्मेवाल्या मैत्रिणीने शाळांच्या स्पर्धेसाठी एक रोबो केला होता. रोबो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हात-पाय आले. प्रत्यक्षात निघाली चहाच्या ट्रेएवढी फळी. खाली चार मोकळी चाकं, वर खेळण्यातल्या विमानाचे दोन पंखे, पुढे भाल्यासारखा चिकटवलेला लाकडी चमचा. पंख्यांच्या जोरावर दोन मिनिटांत पंचवीस फूट जायचं आणि टोकाची घंटा वाजवायची, अशी स्पर्धा.

आदल्या वर्षी या दोघी सुरक्षेच्या टेबलावरच बाद झाल्या होत्या. यांच्या पंख्यांना पुठ्ठ्याचं कुंपण. परीक्षकबाईंनी त्यातून पेन्सिल घातली, ती तीन तुकड्यांत बाहेर आली. आणि स्पर्धा नववीपर्यंतच होती.

"आजी, मला नंबर नको," भिंगरी म्हणाली. "मला फक्त एकदा ती घंटा वाजलेली ऐकायचीय."

"जाळी मी करते," मी म्हटलं. "घंटा वाजलीच समज."

त्या दिवसापासून घरात कारखान्याचे नियम लागू झाले. नुसती मोटर बघायची असेल तर पाती काढून. केस बांधून, डोळ्यांवर चष्मा लावून. पात्यांच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. यंत्राला हात लावणाऱ्याने आधी बॅटरीचा प्लग काढून स्वतःच्या मुठीत धरायचा. आणि जाळी पूर्ण होईपर्यंत गाडी घरात मोकळी सोडायची नाही. आमचे हे, म्हणजे भिंगरीचे आजोबा, छापखान्यात मुद्रितशोधक होते. त्यांची खुर्ची नेमकी माझ्या कामाच्या टेबलाशेजारी. चार दिवस ते स्कूटरचं हेल्मेट घालून पेपर वाचत बसले.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुली शाळेत असताना तारेच्या जाळ्या तयार झाल्या. त्या बसवायला पंखे मोटरीसकट काढावे लागले. मग ते परत लावले, अर्थातच तोंड पुढे करून, म्हणजे वारा चमच्याकडे. फळी टेबलाला शिकंज्यात आवळली, समोर रिबीन धरली आणि पंखे सुरू केले. रिबीन ताठ. कारखान्यात याला पास म्हणत.

"वारा पुढे जातोय का?" हेल्मेटमधून आवाज आला.

"मग कुठे जाणार? माणसं पंख्याच्या पुढे बसतात, मागे नाही."

"नाही, म्हणजे एकदा भिंगरीला विचारून..."

"तुम्ही तुमचे स्वल्पविराम बघा. आणि त्या लाल पेन्सिलीने इथे एक बाण काढा. पुढची बाजू कळू दे."

त्यांनी मुकाट्याने बाण काढला. टोकाशी, सवयीने, एक बारीक प्रश्नचिन्हही काढलं. ते मी खोडलं.

संध्याकाळी भिंगरी आल्या आल्या म्हणाली, "आजी, एकदा पळवून बघू?"

"जाळीचा रंग ओला आहे. हात लावशील तर बघ."

खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा होती. सुरक्षेच्या टेबलावर त्याच परीक्षकबाई. यंदा त्यांनी पेन्सिलीऐवजी काय काढावं? लाकडी बोट. माझ्या बोटाची सख्खी बहीण शोभावी असं. त्यांनी ते वरून घातलं, खालून घातलं, तिरकं करून घातलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"जाळी कोणी केली?"

"माझ्या आजीनं."

"ही नापास करायला माझ्याकडे बोट नाही," बाई म्हणाल्या.

मी आजूबाजूला बघितलं. किती जणांनी ऐकलं ते मोजायला नको?

मुलींनी गाडी लाल रेघेवर ठेवली, बाण घंटेकडे. शिट्टी झाली. भिंगरीने हातातल्या रिमोटचा दांडा ढकलला आणि आमची गाडी निघाली. मागे.

"अजून जोर दे गं," मी प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून ओरडले. मला वाटलं चढ असेल.

तिने जोर दिला. गाडी दुप्पट वेगाने मागे सुटली आणि परीक्षकबाईंच्या टेबलाखाली शिरली. टेबलक्लॉथ जाळीला असा चिकटला की वरचे कागद, पाण्याचा ग्लास आणि निकालाची वही एका रांगेत चालू लागली. बाई टेबलाखाली पाय सोडून, चपला काढून निवांत बसल्या होत्या.

"अगंबाई," त्या एवढंच म्हणाल्या.

भिंगरीने दांडा सोडला. पंखे थांबले. बाईंनी वाकून खाली बघितलं. मीही दोरीखालून वाकले. जाळीला टेकलेली त्यांच्या पायाची पाचही बोटं जागच्या जागी होती.

"जाळी खरंच चांगली आहे," बाई म्हणाल्या. "पण बाण कोणी काढला?"

भिंगरी माझ्याकडे बघत होती. "आजी, तू पंखे फिरवलेस?"

"फिरवले कुठे? तोंड पुढे केलं."

"आजी, वारा पुढे फेकला की गाडी मागे जाते."

अठ्ठावीस वर्षांत माझ्या हाताखालून लाखभर पंखे गेले असतील. पण सगळे बैठकीला स्क्रूने जखडलेले. त्यातला एकही कधी चालत गेला नव्हता, तर तो कुठल्या बाजूला जाईल याचा विचार मी कशाला करू? शेजारी हे उभे होते. खिशातली लाल पेन्सिल काढून नुसती न्याहाळत राहिले.

"एक मिनीट पाच सेकंद उरलेत," चष्मेवाली म्हणाली.

"पंखे काढून लावायला वेळ नाही. गाडीच उलटी ठेवू," भिंगरी म्हणाली.

"आणि घंटा कशानं वाजवणार? चमचा जाईल मागे. चिकटवलाय तो, निघणार नाही," चष्मेवाली म्हणाली.

"बाहेरच्यांनी हात लावायचा नाही," बाईंनी मला बजावलं. हात मी लावलाच नाही. पर्समधून माझं बोट काढलं, त्याच्याबरोबर तपासणीची रिबीन काढली आणि दोन्ही दोरीवरून आत दिली. चष्मेवालीने, कोणी न सांगता, आधी प्लग उपटला आणि मुठीत घट्ट धरला. तेवढ्या गडबडीतही ते बघून मला बरं वाटलं. भिंगरीने बोट फळीच्या मागच्या टोकाला बांधलं. गाठ, वर गाठ.

"वीस सेकंद."

गाडी लाल रेघेवर उलटी ठेवली, प्लग लागला. गाडी निघाली, या वेळी घंटेकडे. पण गाडी उलटी म्हणजे डावा पंखा उजवीकडे. भिंगरी उजवीकडे वळवायला जाई आणि ती डावीकडे तोंड फिरवी. माहेरी निघालेली आणि मधेच विचार बदललेली बाई चालेल तशी ती चालली. मग भिंगरीने क्षणभर डोळे मिटले, हात उलटे चालवायला घेतले आणि गाडी सरळ झाली.

टण्.

लाकडाचा आवाज तो, फार मोठा नव्हता. पण भिंगरीला ऐकू आला. तिने रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तीन सेकंद उरले होते. चौदा संघांत आमचा नंबर अकरावा. घरी जाताना कोणी ते विचारलंही नाही.

परीक्षकबाईंनी माझी एक जाळी नमुना म्हणून मागून घेतली. पुढे बरीच वर्षं त्या नव्या मुलांना ती दाखवत असत, असं ऐकलं. टेबलाशी मात्र त्या पुन्हा कधी अनवाणी बसल्या नाहीत. चष्मेवाली आता हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करते आणि अजूनही प्लग मुठीत धरल्याशिवाय कशाला हात लावत नाही. भिंगरी बोटींचे पंखे तयार करते. माझं लाकडी बोट तिच्या ऑफिसच्या टेबलावर उभं असतं. नवा पंखा झाला की फोटो पाठवून विचारते, "आजी, सांग, पुढे कुठे?" दहातली सात उत्तरं माझी बरोबर येतात.

आमच्या ह्यांनी स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी घरच्या टेबलफॅनवर लाल पेन्सिलीने एक बाण काढला, मागच्या बाजूला तोंड करून, प्रश्नचिन्हाशिवाय. पंखा दोनदा बदलला, बाण दोन्ही वेळा नव्याने आला. तो खोडायला मी आजवर कितीदा तरी फडकं घेऊन गेले आणि फॅन पुसून परत आले. काय करणार, बरोबर आहे ना तो.