हरीण मान खाली घालेपर्यंत

संयम शिकवावा तर मीच! हे मी मंडळाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा माझी बायको साधना इतकी हसली की तिला ठसका लागला. "हा लिफ्ट येईपर्यंत बटण बडवत असतो," तिने सगळ्यांना सांगून टाकलं. म्हटलं, थांब, दाखवतोच!

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या आमच्या मराठी मंडळात मुलांच्या नाटुकल्यांची स्पर्धा होती. आमच्या नाटुकल्यात दोन छोटे शिकारी हरणाची शिकार करतात. शिकारी म्हणजे आमच्याच इमारतीतले वरुण आणि वल्लरी. हरीण म्हणजे मंडळातलाच माझा मित्र शैलेंद्र. दिग्दर्शक अर्थातच मी!

इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, खांबांआड तालीम सुरू झाली. पोरं स्पंजचे बाण घेऊन थेट शैलेंद्रच्या अंगावर!

"अरे, दबा धरून बसा!" मी ओरडलो. "हरीण मान खाली घालून चरायला लागेपर्यंत बाण सोडायचा नाही. ते पाय आपटेल, खाकरेल, वाट्टेल ती नाटकं करेल. फसायचं नाही!"

"ओके ला, काका!" पोरं इथल्या सिंगापुरी थाटात शेवटी 'ला' लावून म्हणाली.

नेमकी स्पर्धेच्या दिवशी शैलेंद्रला जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत ड्यूटी लागली. आता हरीण कोण? मीच! सायकलच्या हेल्मेटला हँगरची शिंगं बांधून उभा राहिलो.

पडदा उघडला. शिकारी झुडपाआड बसले. मी चरायला मान खाली घालतोय, तर ती हलेचना! शिंगं मागच्या पडद्यात अडकली होती.

"वरुण, मार बाण!" मी पुटपुटलो. वरुण ढिम्म.

"वल्लरी, बाळा, तू तरी मार गं!"

"डोन्ट मूव्ह," ती वरुणला म्हणाली, तेही माइकसमोर. "काका सेड, हरीण नाटकं करतं."

मी पाय आपटले. खाकरलो. शेवटी हात जोडले! गयावया करणारं हरीण बघून प्रेक्षक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अरे, मी काका आहे रे!"

"सी? सो मेनी ट्रिक्स ला!" वल्लरी वरुणला म्हणाली.

घंटा वाजली. वेळ संपली, शिकार झालीच नाही, नाटुकलं बाद! मला पडद्यातून सोडवायला तिघे लागले आणि हेल्मेटचा पट्टा तर निघालाच नाही.

तसाच शिंगांसकट घरी आलो आणि खाली लिफ्टचं बटण बडवायला लागलो.

"होता नव्हता तो संयम पोरांना देऊन टाकलास," साधना म्हणाली. "स्वतःला थोडा ठेवायचास!"

लाज वाटून मी मान खाली घातली.

सप्! सप्! पाठीत दोन बाण!

खांबाआडून वरुण नाचतच बाहेर आला. "काका, फायनली!"