तीन नंबरचा पंप

ऑपरेटर आल्सीदनं रिअ‍ॅक्टर थंड ठेवायला मोठा पंप मागितला आणि त्याचा खर्च अडतीस लाख डॉलर निघाला, तेव्हा ओडीलनं चष्मा काढून पुसला. आकडा तोच राहिला.

ओडील फाल्गूस्ट म्हणजे मिसिसिपीच्या काठावरच्या आमच्या केमिकल प्लँटमध्ये खर्चाचे अंदाज बांधणारी बाई. सव्वीस वर्षांत तिचा अंदाज कधी शेकडा पाचाच्या वर चुकला नाही. गंजका पाईप नुसता हातानं वाजवून ती सांगायची, चार वेल्डर, तीन दिवस. आणि तेवढेच लागायचे. अशी माणसं आता घडत नाहीत, हे मी छातीठोक सांगतो. पण या वेळी पाणी गळ्याशी आलं होतं. ह्यूस्टनच्या हेड ऑफिसनं बजावलं होतं, की दहा लाखांच्या आत बसवा, नाहीतर तीन नंबरचं युनिट बंद. युनिटवर साठ माणसं होती. अंदाज शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवायचा होता, आणि शुक्रवार उजाडला होता.

ओडीलनं पंप निवडणाऱ्या डडलीला गाठलं.

"पंप मोठा, म्हणून मोटर मोठी," डडली म्हणाला. "मोटरला जाड केबल, खाली नवं फाउंडेशन. मग ते शेडमध्ये मावेना, म्हणून नवी शेड."

"नदी तेवढी जागच्या जागी ठेवलीस, उपकार झाले. मिनिटाला दोन हजार गॅलन पाणी हवं असं कोण म्हणालं?"

"मार्लीननं तेराशे दिले होते. ती नेहमी हातचं राखून सांगते, म्हणून मी सतराशे धरले. त्यापुढचा पंप थेट दोन हजाराचाच मिळतो."

प्रोसेस इंजिनिअर मार्लीन म्हणाली, "आल्सीदनं हजार सांगितले, मिस ओडील. ऑपरेटर लोक भीत भीत मागतात. वरचे तीनशे माझे."

ओडील बूट चढवून कंट्रोल रूममध्ये गेली. आल्सीद बूदँ, म्हणजे भात भरलेला सॉसेज, खात बसला होता.

"खरंच हजार लागतात?"

"लागतात."

"आल्सीद, तुझ्या बायकोला मी शाळेपासून ओळखते."

"आठशे," आल्सीद म्हणाला. "पण तुम्ही लोक मागितलेलं कधी पुरतं देता का? अर्धं कापता. मग आम्ही काय करायचं?"

ओडील रागावली नाही. ती उन्हात जुन्या पंपापाशी गेली आणि त्याच्या पाटीवरचा मळ बाहीनं पुसला. पाटीवर बाराशे गॅलन लिहिलं होतं. आठशे लागतात, बाराशेचा पंप बसलाय, आणि रिअ‍ॅक्टर तरी तापतो. ती पाईपवर हात ठेवून पावलापावलानं चालत निघाली. साठ पावलांवर थांबली. तिथल्या व्हॉल्व्हचं चाक साखळीनं बांधलेलं होतं आणि साखळीसकट त्याला हिरवा रंग फासलेला होता.

"हे कोणी बांधलं?"

मागून आलेला आल्सीद टोपी काढून डोकं खाजवू लागला. "मीच. सात वर्षांपूर्वी. पंप नवा होता, इतका जोर की पाईप थरथरायचे, टेबलावरचे कप नाचायचे. म्हटलं दोन दिवस अर्धा बंद ठेवू. तेव्हा अर्धं पाणी पुरायचं."

"आणि यंदा माल वाढवला."

"यंदा वाढवला खरा."

म्हणजे सात वर्षांपूर्वी हा पंप घेतानाही सगळ्यांनी आपापलं थोडंथोडं वाढवलंच होतं. ओडीलनं साखळी तोडायला लावली, व्हॉल्व्ह इंचाइंचानं उघडायला लावला, आणि पाईप थरथरणार नाही इतपतच उघडून थांबायला सांगितलं. तासाभरात रिअ‍ॅक्टर निवला. आल्सीद तापमानाच्या काट्याकडे बघत राहिला. मग त्यानं गुपचूप तिला कॉफी आणून दिली.

तिनं ह्यूस्टनला खर्चाचा अंदाज पाठवला: शून्य.

तीन वाजता उत्तर आलं. युनिट चालू राहील. मात्र शून्य हा आकडा जोखमीचा वाटतो. सुरक्षिततेसाठी काहीतरी रक्कम धरून पुन्हा पाठवावे.

मार्लीन आणि डडली टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. ओडील मात्र गंभीरपणे बसली. व्हॉल्व्हला ग्रीस लागेल, तिनं हिशेब केला, एक डबा, वीस डॉलर. अगदी बरोबर वीस. तिनं वीस लिहिले.

मग जरा विचार केला, खोडले, आणि पंचवीस लिहिले.