मंगळवारच्या बाजारावर परिसंवाद

आमच्या शहरात ज्या गोष्टीवर परिसंवाद होतो, ती गोष्ट आभारप्रदर्शन संपलं की नाहीशी होते. टांग्यांवर परिसंवाद झाला तेव्हा स्टँडवर सात टांगे होते. आभार संपले आणि गफूरचाचा नुसता लगाम हातात धरून उभे राहिले. मग देवळापुढच्या पारावर झाला. पारावर बसलेली माणसं धपकन जमिनीवर आली. त्या दिवशी आभाराच्या आधी वीज गेली होती, म्हणून पाराला पाऊण तास जादा मिळाला. ज्यांना कळलं ते येऊन बसून गेले. नगरपालिकेत अशा गोष्टींचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात नोंद झाली.

मी मंगळवारच्या बाजारात सुकट-बोंबील विकते. बावीस वर्षं एकच जागा. डाव्या हाताला मिरचीवाली अनुसया. उजव्या हाताला कुणी बसत नाही, वास येतो म्हणतात. त्याच जागेवर दोन पोरी वाढवल्या, त्यांना वास आला नाही.

एका मंगळवारी खांबावर कागद दिसला. 'आठवडी बाजार : शहराचा सांस्कृतिक श्वास'. चार वक्ते, एक अध्यक्ष.

अनुसया म्हणाली, "हौसा, आपला नंबर लागला गं."

"रडतेस काय? ऊठ. पाटीकडे बघ माझ्या," म्हटलं आणि तशीच सांस्कृतिक मंचाच्या कार्यालयात गेले. कार्यवाह मुळगुंद सर खिडकी उघडून बसले.

"सर, बाजारावर कशाला बोलताय?"

"हौसाबाई, बाजार टिकला पाहिजे, ही आमची तळमळ आहे."

"मग गप्प बसा की."

"चर्चाच नको म्हणता? मग समाज पुढे कसा जाणार?"

"पाराची पण चर्चाच केलीत."

"त्याचं आम्हाला दुःख आहे. दुखवट्याचा ठराव केलाय. एकमतानं."

"करायचीच खाज असेल तर खड्ड्यांवर करा. डासांवर करा. सगळं गाव टाळ्या वाजवील."

सर सावकाश म्हणाले, "खड्डा हा सांस्कृतिक विषय होत नाही. डास आरोग्य खात्याकडे येतात."

मी दारातून हलले नाही. मग सरांनाच माझी दया आली. म्हणाले, "बाजाराचा एक प्रतिनिधी मंचावर घेऊ. वक्ते ठरलेत. आभार मोकळे आहेत. आभार कुणी घेतच नाही. लोक तोवर चपला शोधायला लागतात. फक्त एक सांभाळा. आभारात कुणाचं नाव राहिलं आणि त्यानं हरकत घेतली, तर आभार पहिल्यापासून मानावे लागतात. मागं हारवाल्याचं नाव राहिलं तर खुर्च्या फेकल्या होत्या, तेव्हापासून घटनेत कलमच घातलंय."

"बरं," मी म्हटलं. "एकसुद्धा नाव चुकवणार नाही."

परिसंवाद बाजाराच्या दिवशीच ठेवला, म्हणजे विषय खिडकीतून दिसत राहतो. पहिले वक्ते बाजाराच्या इतिहासावर बोलले. दुसरे पहिल्यांच्या चुकांवर. तिसऱ्या बाईंनी कोथिंबिरीच्या वासाचं फार सुंदर वर्णन केलं, आणि मग कोथिंबीर कुठे मिळते ते खिडकीतून अनुसयेला विचारलं. चौथे म्हणाले वेळ कमी आहे, आणि तासभर बोलले. अध्यक्षांनी समारोपात डोळे पुसले. बाहेर आमची माणसं पाट्यांना हात लावून उभी होती.

मी माइक धरला. उद्घाटकांचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, वक्त्यांचे मानले. माइकवाल्याला गाळलं.

"ओ मावशी, साउंड कोणाचाय?" मागून आवाज आला.

"चुकलं बाबा," म्हणून मी पहिल्यापासून सुरू केलं. या खेपेला हारवाला गाळला. मग समई पेटवणाऱ्या वहिनी. मग पाण्याच्या बाटल्या देणारे नगरसेवक. ते तर रुसून बाहेर गेले, त्यांना हाताला धरून आणावं लागलं. तोवर सहा वाजले आणि बाजार आपला आपण उठला. अध्यक्षांनी उरलेले आभार पुढच्या मंगळवारी घ्यायचं ठरवून सभा तहकूब केली.

पुढच्या मंगळवारी बाजार भरला, आणि आभारही.

आज तिसरा मंगळवार. चौथे वक्ते दर मंगळवारी दुसऱ्या गावचा परिसंवाद सोडून येतात, तिथलं पण काहीतरी जायचं खोळंबलंय. तेव्हा मुळगुंद सर आज आधीच उभे राहिले.

"सर्वांना हात जोडून विनंती. आज ज्याचं नाव राहील त्यानं संस्कृतीसाठी एवढा त्याग करावा. हरकत घेऊ नये."

सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं. नगरसेवकांनीसुद्धा. खिडकीतून बघितलं तर अनुसया मिरच्यांची गोणी पोटाशी घेऊन उभी.

मी सुरू केलं. उद्घाटक, अध्यक्ष, चारी वक्ते. माइकवाला घेतला, हारवाला घेतला, समई, पाणी, झाडूवाली पारूबाई, सगळे घेतले. एक नाव घेतलं नाही.

"आणि आता शेवटी," मी म्हटलं, आणि थांबले.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मुळगुंद सर खुर्चीत ताठ बसलेले. कानशिलं लाल झालेली. ओठ घट्ट मिटलेले. उपरण्याचं टोक मुठीत.

"शेवटी," मी पुन्हा म्हटलं, "आपण सगळे आलात..."

"हौसाबाई," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "कार्यवाह राहिले."

मी त्यांना नमस्कार केला आणि उद्घाटकांपासून सुरुवात केली.