पाठीवरचा डाग

एका जंगलात केळीची बाग होती. लावली सगळ्यांनी मिळून, झाली रानडुकराची. कशी ते विचारू नका, बाळांनो. मोठे झालात की आपोआप कळेल.

बागेतून शेडपर्यंत घड वाहायचं काम हिरामण गाढवाचं. शेडमध्ये माकडं फण्या कापायची, तुरटीच्या पाण्यात धुवायची आणि मऊ फोम अंथरून खोक्यात निजवायची. केळ्यावर एवढासा डाग दिसला तरी माल बाद. तपासायला सायाळबाई नेमल्या होत्या. अंगभर काटे, पण साहेब म्हणजे साहेब.

खेपा घालून घालून हिरामणची पाठ सोलवटली. घड ठेवला की डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी तो रानडुकराकडे गेला.

"मालक, घडाखाली काहीतरी मऊ द्या. लई झोंबतंय."

रानडुकराने जखम निरखली.

"हे केळ्यांना लागलं म्हणजे?"

लगेच गादी आली. मऊ बाजू वर, केळ्यांकडे. काथ्याची बाजू खाली.

तिसऱ्या दिवशी हिरामणचे पाय लटपटले. हत्तींच्या बाजारात जाणारं एक भलंमोठं खोकं शेडमध्ये रिकामं होतं. बिचारा त्यात शिरला आणि फोमवर आडवा झाला. जन्मात पहिल्यांदा अंगाखाली मऊ लागलं, म्हणून त्याला रडूच आलं. रडता रडता डोळा लागला.

माकडांनी खोकं ढकलत सायाळबाईंपुढे आणलं. बाईंनी चष्मा लावला आणि हिरामणला उलटंपालटं करून पाहिलं.

"बाई, हे केळं नाही," एक माकड म्हणालं.

"ते माझ्याकडे येत नाही. माझ्याकडे फक्त डाग. पाठीवर डाग आहे. बाद."

हिरामणला बाद मालाच्या ढिगावर टाकलं. तिथे तो पंधरा दिवस नुसता लोळला. डागी केळी खाल्ली. तीच जास्त गोड असतात, हे त्याला तेव्हा कळलं. पाठ भरून आली, नवी लव फुटली.

सोळाव्या दिवशी बाई फेरीला आल्या.

"डाग गेला. पास. उद्यापासून घड उचलायचे."

हिरामण नम्रपणे म्हणाला, "बाई, जरा जवळ येता? आभार मानायचे होते."

बाई जवळ आल्या. हिरामणने त्यांच्या काट्यांवर आपली पाठ वरपासून खालपर्यंत सावकाश घासली.

बाईंनी चष्मा लावला.

"बाद," त्या म्हणाल्या.

तात्पर्य : अंगाला डाग लागू देऊ नये, असं थोर मंडळी सांगतात. त्यांच्या पाठीवर घड नसतो.