मोडलेल्या नळाची चौकशी

स्वयंपाकघरातला नळ हातात आला तेव्हा पाणी थेट छताला लागलं आणि काका थेट भिंग आणायला पळाले.

त्यांची उभी हयात कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोडक्या वस्तू का मोडल्या हे शोधण्यात गेली होती. इमारतीत त्यांना भिंगकाका म्हणत, म्हणजे पाठीमागे. समोर कुणी काही म्हणत नसे, कारण समोर कुणी येतच नसे. बायको गेल्यापासून घरात दोनच आवाज उरले होते, फ्रिजचा आणि गळक्या नळाचा.

थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या बाई प्लंबरला घेऊन वर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या.

"अहो, माझ्या गादीवर धार लागलीय!"

"काका, तो तुकडा द्या इकडं," प्लंबर म्हणाला. "भोकात ठोकतो, पाणी थांबेल."

"खबरदार! मोडलेली दोन तोंडं एकमेकांना लावायची नाहीत. पुरावा पुसला जातो."

"पुरावा राहू दे, आधी फरशी पुसा! मेन कॉक कुठाय?"

"तो गंजून घट्ट बसलाय. हात लावू नकोस, गंज कसा पसरतो ते मी बघतोय."

शेवटी प्लंबरनं गच्चीवर जाऊन टाकीच बंद केली. त्याबरोबर अख्ख्या इमारतीचं पाणी गेलं आणि अख्खी इमारत काकांच्या दारात आली. एक गृहस्थ तर डोक्याला साबण लावलेलेच आले.

एवढी माणसं घरात बघून काकांच्या उत्साहाला भरतं आलं. घोटाभर पाण्यात उभं राहून ते सुरू झाले, "धातू ठिसूळ असला तर बिस्किटासारखा तुटतो. चिवट असला तर आधी ताणला जातो, मग तुटतो. पण तिसरी तऱ्हा वाईट. रोज थोडा थोडा ताण, आत बारीक भेग, बाहेरून चकाचक. आणि एक दिवस टप्!"

"काका, डोळ्यात साबण जातोय हो!"

नवा नळ बसला. माणसं गेली. नवा नळ गळतही नव्हता, त्यामुळे आता नुसता फ्रिज.

काकांनी तुकडा भिंगाखाली धरला. शिंपल्यावर असतात तशा रेषा, एकीबाहेर एक, म्हणजे तिसरी तऱ्हा. गळती थांबावी म्हणून कुणीतरी रोज पकडीनं पिळून पिळून नळाला थकवलं होतं. त्या घरात 'कुणीतरी' एकच होतं.

तेवढ्यात बाई दारात. "कळलं का कारण?"

काकांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "इतक्यात कसं सांगणार? तुमचा जबाब लागेल. उद्या चारला या."

बाई आल्या. धार कुठून लागली, गादी कुठं भिजली, सगळं सविस्तर सांगितलं. चहा झाला. जबाब काही संपेना, तो दुसऱ्या दिवशी पुढे चालू झाला. तिसऱ्या दिवशी मात्र काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"बाई, चूक माझीच. नळ मीच पिळून मोडला. चौकशी संपली."

"संपली?" बाईंनी कप खाली ठेवला. "बरं."

मग दोन दिवस फ्रिज एकटाच बोलत होता. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. बाईंच्या हातात स्टीलच्या मोठ्या चमच्याचे दोन तुकडे होते.

"आपोआप मोडला बघा. असा कसा मोडेल?"

काकांनी भिंग लावलं. मोडलेल्या बाजूवर सरळ, समांतर, ताजे ओरखडे होते. करवतीचे. बाईंच्या बाहीवर स्टीलचा कीस चमकत होता.

काकांनी भिंग खाली ठेवलं आणि एक खुर्ची पुढे सरकवली.

"प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "बसा."