टाचेचा दणका

साखरपुड्याच्या केकसाठीची अंडी गॅब्रिएलच्या डोक्यावर होती आणि नवे बूट त्याच्या पायांत. बूट भावी सासऱ्यांनी, जॉनकाकांनी दिले होते. अनवाणी जावई चालणार नाही, असं त्यांनी लग्न ठरतानाच बजावलं होतं. आज नाड्या बांधण्यातच अर्धी सकाळ गेली. तिकडे उमराळ्याला सासूबाईंची, बर्थामावशींची भट्टी पेटली असणार, या धास्तीने आपलं गास गाव सोडताच तो धावू लागला.

एरवी तो अंड्यांची टोपली घेऊन बाजारापर्यंत धावत जाई, आणि एकही अंडं तडकत नसे. अनवाणी धावताना पावलाचा पुढचा भाग आधी टेकायचा. घोटा आणि गुडघा लवून धक्का जिरवायचे. आज जाड टाचांच्या भरवशावर पाऊल लांब पडत होतं. टाच आधी आपटे, गुडघा ताठ राही आणि प्रत्येक दणका नडगीतून थेट टोपलीखालच्या चुंबळीपर्यंत पोचे.

केळीच्या वाडीपाशी कपाळावरून काहीतरी ओघळलं. घाम एवढा पिवळा नसतो.

अंडी फुटली तर केक नाही, आणि बूट काढले तर कदाचित नवरी रोझमेरीही नाही. बराच विचार करून त्याने बूट गळ्यात अडकवले. सासरच्या कुंपणापाशी पुन्हा घालू, असा बेत होता. पण चिखलाने माखलेले पाय बुटांत शिरेनात. एक कसाबसा शिरला, तोच जॉनकाका ओट्यावर आले.

"लंगडतोस का रे?"

"नाही काका, आलोच."

घाबरून त्याने उरलेलं अंगण एका बुटात धावत ओलांडलं. टोपलीत आणखी काहीतरी फुटल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. बर्थामावशींनी अंड्यांभोवतीच्या तुसात हात घालून चाचपलं. केकपुरती आहेत, पण पुढच्या खेपेला हे बूट घालून आलास तर केकऐवजी ऑम्लेट करावं लागेल, असं त्यांनी सुनावलं. दाराआडून रोझमेरीने ओलं फडकं पुढे केलं.

"काका, बुटात धावणं मला जमत नाही," गॅब्रिएल कपाळ पुसत कसाबसा म्हणाला.

जॉनकाका त्याच्या पायांकडे पाहत राहिले. "अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"मग लग्नाला हेच घाल. आमच्या मोठीचा नवरदेव चर्चच्या दारातून पळाला, तेव्हा तो अनवाणी होता. कोणाच्या हाती लागला नाही."